न बांधलेल्या माळेचा नारळ

रखमीकडं कावीळ घेऊन जायचं म्हणजे आधी शिव्या खायच्या. "इतके दिवस झोपला होतास काय? डोळे हळदीत बुडवल्यागत झाले तेव्हा माळवाली आठवली होय?" असं म्हणत ती माणसाला ओट्यावर बसवणार, पापणी खाली ओढून बघणार, नखं बघणार आणि मग पथ्य सुनावणार. तेल बंद, तळलेलं बंद, सुकट बंद, ताडीचं तर नावही काढायचं नाही. कुणी लाडात येऊन म्हणालंच, "रखमे, सुकटीचा एवढासा तुकडा?" तर उत्तर तयार असायचं, "खा की! मग माळ कशाला बांधतोस, तिरडीच बांधून घे."

तलासरी तालुक्यातल्या झरी गावात, मोठ्या रस्त्यापासून आत, पाड्याच्या शेवटाला तिचं घर. रविवार आणि बुधवार हे माळेचे दिवस. रानातल्या एका वेलीच्या ओल्या काड्या बोटभर तोडायच्या, दोऱ्यात एकेक गाठ मारून गुंफायच्या आणि ती इवलीशी माळ रोग्याच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. वेलीचं नाव रखमी कुणाला सांगत नाही. दिवस जातात तशी माळ वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, मग बेंबीपर्यंत. माळ उतरली तशी कावीळ उतरली, असं सगळा पाडा मानतो. पैसे घ्यायचे नाहीत. बरा झालेला माणूस आपल्या पायांनी चालत येऊन नारळ देतो, तेवढंच.

हा नारळ फार मोठी गोष्ट बरं का. शिकणाऱ्या बाईला पहिला नारळ मिळेपर्यंत तिला कुणी माळवाली म्हणत नाही. रखमीला तिचा पहिला नारळ तीस वर्षांपूर्वी मिळाला, त्या दिवशी सासूनं, ठकीनं, तिला चुलीपुढच्या पाटावर बसवलं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. सात वर्षं सासूच्या हाताखाली राबल्यावर मिळालेला तो पाट होता. रखमी अजून त्याची आठवण काढते तेव्हा तिचा आवाज बदलतो.

आणि आणखी एक नियम. आपली माळ आपल्याला चालत नाही.

आठ वर्षांपूर्वी ऐन लावणीत रखमीच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली आणि चार दिवसांत डोळे पिवळे झाले, तेव्हा या नियमानं तिची पंचाईत केली. माळ बांधणारी दुसरी बाई म्हणजे डहाणूकडच्या गंजाडची जमना, आणि जमनाशी तर रखमीचं बोलणंच बंद! एका लग्नात जेवणाच्या पंगतीवरून झालेलं भांडण होतं ते. "तिच्यापुढं डोकं वाकवण्यापेक्षा मेलेली बरी," असं रखमीनं जाहीर केलं. मग मुलानं, मुकेशनं, तिला सरळ गाडीत घालून हद्दीपलीकडं गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. भांडणानं माणूस वाचतो तो असा.

तिथं तोंडातून दुर्बीण आत घातली, पित्ताच्या नळीचं तोंड जरासं कापलं आणि हरभऱ्याएवढा खडा ओढून काढला. महिन्याभरानं पित्ताची पिशवीही काढली. घरी सोडताना डॉक्टर खाटेवर बसून म्हणाले, "माजी, आ याद राखजो." म्हणजे आई, हे ध्यानात ठेवा. मग अर्धं मराठी, अर्धं गुजराती करत त्यांनी सांगितलं, की नळीच्या तोंडाशी एक दार असतं, खडा काढायला ते कापावं लागलं. आता आतड्यातली घाण कधीतरी उलटी वर चढू शकते, नळीत पू होऊ शकतो, नवे खडेही धरू शकतात. थंडी वाजून ताप, उजवीकडं दुखणं, डोळे पिवळे, यातलं एक जरी आलं तरी त्याच दिवशी यायचं. दहा वर्षांनी आलं तरी त्याच दिवशी.

रखमीनं क्षणभर विचार केला. "म्हणजे झापाच काढून टाकलास म्हण की. कोंबड्या बाहेर जायला मोकळ्या, पण कुत्रं आत यायलाही मोकळं."

डॉक्टरांना झापा कळेना. मुकेशनं गुजरातीत समजावलं, की झापा म्हणजे आमच्या कुडाच्या घराचं बांबूचं दार. डॉक्टर इतके हसले की शेजारच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला. "बस्स," ते म्हणाले, "ए ज वात, अगदी हेच! हे मी आता सगळ्यांना सांगणार."

रखमी घरी आली. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाताच्या कणगीमागं ठेवली आणि पुन्हा दुसऱ्यांच्या पापण्या ओढायला लागली. माणूस बरा झाला की पहिल्यांदा काय विसरत असेल तर डॉक्टरचं बोलणं. गेल्या वर्षी दोनदा तिला हुडहुडी भरून ताप आला होता. हिवताप म्हणून बोटातून रक्त नेलं, त्यात काही निघालं नाही, ताप आपोआप गेला. "अंगात कसर असंल," म्हणून तिनं विषय संपवला. कणगीमागं हात घातला नाही.

एव्हाना घरात सून आली होती. भारती, मुकेशची बायको, बारावी झालेली, बोलायला मऊ पण डोक्यानं तल्लख. तिनं आपण होऊन विद्या मागितली. दोन वर्षं ती सासूबरोबर वेल आणायला रानात गेली, गाठी मारायला शिकली, पापणी बघायला शिकली. शिव्या तेवढ्या तिला जमेनात. रखमी वैतागून म्हणायची, "अगं, लोकांना दम दिल्याशिवाय पथ्य पाळत नायत ते!"

रखमीनं तिला सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून. वीस वर्षांपूर्वी एका माणसासाठी बांधलेली माळ तशीच खुंटीवर राहिली होती, माणूस आलाच नाही. तीन दिवसांनी रखमीनं बघितलं तर माळ निम्म्या भिंतीपर्यंत उतरलेली. ओल्या काड्या वाळून आकसल्या, गाठी ढिल्या पडल्या, माळ वाढली. एवढंच! त्या दिवशी ती एकटीच खूप हसली. साधी कावीळ पथ्यानं आणि पडून राहिल्यानं उतरते, माळेच्या धाकानं माणूस घरात पडून राहतो, पथ्य पाळतो, म्हणजे माळेचं काम झालंच, असं तिनं स्वतःशी ठरवलं. ही गोष्ट भारतीला अगदी शेवटी सांगायची, असं तिच्या मनात होतं.

यंदा पौषात, भात झोडून कणगीत पडल्यावर, एका शनिवारी भर दुपारच्या उन्हात रखमी तीन गोधड्या पांघरून बसली तरी तिचे दात वाजत होते. उजवीकडं कळ. रविवारी सकाळी भारतीनं तिची पापणी ओढली आणि लगेच सोडली.

"बोल की," रखमी म्हणाली.

"पिवळं आहे, आये. दवाखान्यात जाऊया."

पण तोवर काकड्या आला होता. काकड्या म्हणजे रखमीचा धाकटा दीर. पाड्यातलं कुठलंही काम आपल्याला विचारल्याशिवाय होत नाही, असा त्याचा समज. लोकांनी तो कधी मोडला नाही, कारण विचारलं नाही तर तो दिवसभर बडबडतो. त्यानं दोन्ही हात वर केले. "दवाखाना कशाला? आता घरात दुसरी माळवाली तयार हाय! आपली माळ आपल्याला चालत नाय, पण सुनेची चालते. भारतीची पहिली माळ आपल्या सासूलाच. बघा कसा योग आला!"

"माझा खडा पुन्हा झाला असंल तर?" रखमी म्हणाली.

"पिशवीच काढलीय तुझी. पिशवी नाय तर खडा कशात होल?"

ओट्यावर जमलेल्यांना हे फारच पटलं. रखमीनं भारतीकडं बघितलं. पोरीच्या चेहऱ्यावर भीती होती आणि त्या भीतीच्या मागं दोन वर्षांची आस होती. आपणच जर हिची माळ नाकारली, तर उद्या हिच्यापुढं डोकं कोण वाकवणार? खुद्द सासूचा विश्वास नाही, असं लोक जन्मभर म्हणतील. रखमीनं पदर मागं केला आणि डोकं वाकवलं. इथं ती चुकली, आणि चुकतोय हे कळत असून चुकली.

भारतीच्या गाठी नीट बसेनात. पहिली माळ वेडीवाकडी झाली. "ही नको," रखमी म्हणाली, "हात बसू दे, दुसरी बांध." भारतीनं पहिली आतल्या खोलीतल्या खुंटीला अडकवली आणि दुसरी बांधून सासूच्या डोक्यावर ठेवली. काकड्यानं डोळे पुसले. खोटं नाही, त्याला खरंच भरून आलं होतं.

सोमवारी गोळी घेऊन ताप जरा उतरला. मंगळवारी सकाळी माळ छातीवर आली आणि पाड्यात ही बातमी फिरली. भारतीच्या हाताला दोनच दिवसांत गुण! बायका बघायला आल्या. काकड्या तर नारळ घेऊनच आला, शेंडी काढून, दगडही सोबत. "आता फोडतोच," तो म्हणाला.

आतल्या खोलीत रखमीला पुन्हा हुडहुडी भरली होती. कळ पाठीपर्यंत गेली होती. भारतीनं पाणी पुढं केलं तेव्हा रखमी म्हणाली, "ठकीआये, ठेव तिथं."

ठकी, रखमीची सासू, जाऊन बारा वर्षं झाली होती. "आये, मी भारती."

रखमीनं डोळे मिटले, उघडले. आपलं डोकं जागेवर नाही हे तिला लख्ख कळलं. मरायला ती घाबरत नव्हती असं नाही, चांगलीच घाबरत होती. पण त्याहून एक वाईट विचार तिच्या मनात आला. आपण ही माळ गळ्यात घालून मेलो तर भारती जन्मभर काय म्हणून जगेल? सासूला मारणारी माळवाली! तेवढ्यात तिची नजर समोरच्या खुंटीवर गेली. रविवारची ती वेडीवाकडी माळ लांबच लांब होऊन कणगीच्या काठाला टेकली होती.

रखमी उठली. कशी उठली ते तिलाही ठाऊक नाही. एका हातानं भिंत धरून तिनं खुंटीवरची माळ काढली आणि ओट्यावर आली. काकड्यानं दगड उचललेला होता.

"नारळ ठेव खाली. अजून नाय," ती म्हणाली. मग गळ्यातली माळ काढून तिनं दोन्ही माळा एकाच हातात सगळ्यांसमोर धरल्या. खुंटीवरची दोन बोटं जास्तच लांब होती.

"काकड्या," तिनं विचारलं, "खुंटीला कावीळ कधी झाली रं?"

मागं बसलेली भिकी म्हातारी फिस्सकन हसली आणि सगळा ओटा हसायला लागला. काकड्या मात्र लालबुंद झाला. "वहिनी! घरची विद्या चव्हाट्यावर आणलीस!"

"विद्या पथ्यात हाय, काकड्या, माळेत नाय. साधी कावीळ पथ्यानं उतरते, माळ नुसती सोबतीला. पण माझा झापा तोडलेला हाय आणि आत कुत्रं शिरलंय. त्याला काय माळ घालून हाकलतोस?" एवढं बोलून ती मटकन खाली बसली.

भारतीचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन वर्षांची मेहनत सासूनं भर ओट्यावर एका वाक्यात उडवली होती. तरी ती वळली, कणगीमागं हात घातला आणि मुकेशकडून ऐकलेली ती धुळीनं माखलेली फाईल बाहेर काढली. एकशेआठला फोन लावला, पत्ता सांगितला, मुकेशला कंपनीतून थेट तलासरीला यायला सांगितलं. आणि ज्या चुलतसासऱ्यापुढं ती कधी मान वर करून बोलली नव्हती त्याला म्हणाली, "काका, तो दगड टाका आणि आयेला उचला. गाडी पाड्यात येत नाही."

काकड्यानं दगड टाकला. वहिनीला पाठुंगळी घेऊन तो रस्त्यापर्यंत जवळजवळ पळत गेला. रखमीला तशातही बोलल्याशिवाय राहवेना. "हळू रं, मी मेले नाय अजून!"

तलासरीच्या सरकारी दवाखान्यात भारतीनं फाईल उघडून पहिल्याच दमात सांगितलं, की आठ वर्षांपूर्वी दुर्बिणीनं खडा काढलाय, नळीचं तोंड कापलेलं आहे, तीन दिवस थंडी-ताप, दुखणं आणि कावीळ. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. सलाईन, इंजेक्शन, चिठ्ठी, आणि दुपारपर्यंत गाडी हद्दीपार.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी फाईल बघितली, खाटेवरच्या बाईकडं बघितलं आणि वाकून म्हणाले, "झापावाळी माजी?"

"कुत्रं शिरलं," रखमी पुटपुटली.

दुर्बीण पुन्हा आत गेली. नळीतून पू निघाला आणि वाळूसारखे खडे. बाहेर येऊन डॉक्टर भारतीला म्हणाले, "अर्धा दिवस उशीर झाला असता तर विष रक्तात पसरलं असतं. कोणी आणलं यांना?" मुकेशनं बायकोकडं बोट केलं. डॉक्टर म्हणाले, "हे पुन्हाही होऊ शकतं. घाबरायचं नाही, पण झोपायचंही नाही." सहाव्या दिवशी रखमी रस्त्यावर गाडीतून उतरली आणि कुणाचा हात न धरता पाड्यात चालत आली. काकड्यानं पाठ पुढं केली होती, तिनं त्याच्या पाठीवर चापट मारली.

त्या दिवशी सासू-सुना दोघी बसल्या आणि त्यांनी नवा नियम ठरवला. आधी दवाखान्यातून रक्त तपासून आणायचं, रिपोर्ट दाखवायचा, मग माळ. आणि प्रत्येकाला तीन प्रश्न. थंडी वाजून ताप येतो का? उजव्या बरगडीखाली दुखतं का? पित्ताच्या नळीत कधी दुर्बीण घातली होती का? एकालाही हो म्हटलं की माळ नाही, दवाखाना.

मग काय झालं? कुणी आलंच नाही! तीन रविवार, तीन बुधवार ओटा ओस. खुंटीची गोष्ट चहूकडं पोचली होती आणि लोक ती सांगून हसत होते. भारती ओटा सारवून बसून राहायची. रखमीला तिचं ते बसणं बघवत नसे. जीव वाचला, पण पोरीचा पाट आपण हिरावला, हे तिला रात्रंदिवस खात होतं.

चौथ्या रविवारी मोटारसायकलवर दोन मुलांच्या मध्ये बसून गंजाडचा हाल्या आला. साठीचा माणूस, डोळे पिवळेजर्द, गळ्यात जमनाची माळ बेंबीपर्यंत उतरलेली. "माळ उतरली, पण कावीळ नाय उतरली," थोरला मुलगा म्हणाला. "जमनाच म्हणाली, झरीला जा."

जमना म्हणाली! रखमीनं तोंड उघडलं, आणि मग पदराचा बोळा दातांत धरला. आज बोलायची पाळी तिची नव्हती.

भारतीनं पापणी ओढली, नखं बघितली. "थंडी वाजते?" वाजत होती. "इथं दुखतं?" हाल्या कळवळला. "दुर्बीण घातली होती कधी?" तीन वर्षांपूर्वी, वलसाडकडं, खडा काढला होता.

"मी माळ बांधणार नाही," भारती म्हणाली.

मुलं चिडली. एवढ्या लांबून आलो, नकार ऐकायला? तू शिकाऊ पोरगी, तुला काय कळतं, सासूला बांधायला सांग. भारतीनं आवाज चढवला, आणि रखमीनं तो आवाज उभ्या जन्मात ऐकला नव्हता. "बापाला ओट्यावर बसवून माझ्याशी भांडताय? घरातल्या खुंटीवर माळ लावली तर तीही उतरते, मग खुंटी बरी झाली म्हणायची? आत पू झालाय त्यांच्या. आत्ता, या घटकेला दवाखान्यात न्या. माळच पाहिजे असेल तर बरे होऊन या, हौसेनं दोन बांधीन. नाही गेलात तर तिरडी बांधायला मला बोलवू नका!"

शिव्या जमल्या म्हणायच्या! रखमीच्या तोंडातला पदर सुटला. काकड्या कुठून तरी धावत आला, त्यानं रस्त्यावरची ओळखीची जीप थांबवली आणि हाल्याला स्वतः आत बसवलं.

बारा दिवसांनी, बुधवारी सकाळी, हाल्या पाड्याच्या तोंडाशी गाडीतून उतरला आणि तिथून चालत आला. डोळे पांढरेस्वच्छ, हातात नारळ. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आलास म्हणून जिवंत आहेस. त्यानं नारळ रखमीपुढं धरला.

"माझा नाय तो," रखमी म्हणाली. "जिनं माळ बांधली नाय, तिचा."

काकड्याच्या डोक्यात हे शिरेना. "पण वहिनी, माळच नाय बांधली, मग नारळ कसला?"

"तीस वर्षं मी माळा बांधल्या, काकड्या. त्यातले किती आपोआप बरे झाले असते, देवाला ठाऊक. हिनं बांधली नाय म्हणून हा माणूस उभा हाय. आणि हिनं फाईल काढली म्हणून मी उभी हाय. फोड तो नारळ!"

काकड्यानं नारळ फोडला, एका घावात. रखमीनं आत जाऊन चुलीपुढं पाट मांडला, भारतीला हाताला धरून त्यावर बसवलं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. पोरीला रडू आवरेना, रखमीनंही आवरलं नाही. मग डोळे पुसून ती दारात आली. ओट्यावर हाल्या होता, त्याची मुलं होती, आणि त्यांच्या मागं तीन नवी माणसं, हातात दवाखान्याचे कागद घेऊन, खाली मान घालून बसली होती.

"ऐका रं!" रखमी ओरडली. "झरीत आता दोन माळवाल्या हायत. आणि मोठी ती आत बसलीय."